ॲमीटरवरचे शून्य : कमी विजेवर चालणाऱ्या प्रोसेसरचा इतिहास

१/ इंग्लंडमधील केंब्रिज, इसवी सन १९८५. एकॉर्न कॉम्प्युटर्स या कंपनीने स्वतः रचलेला पहिला प्रोसेसर चाचणीच्या बोर्डावर बसवला होता. तो व्यवस्थित चालत होता, दिलेल्या आज्ञा पाळत होता. आता तो वीज किती घेतो हे पाहावे म्हणून अभियंते स्टीव्ह फर्बर यांनी वीजपुरवठ्याच्या वाटेत ॲमीटर जोडला. ॲमीटरने शून्य दाखवले.

२/ चालू असलेला प्रोसेसर वीजच घेत नाही, हे निसर्गनियमांत बसत नाही. तरीही ॲमीटर बिघडलेला नव्हता. या एका नोंदीभोवती संगणकाच्या इतिहासात एक आख्यायिका उभी राहिली : ‘एआरएम प्रोसेसर कमी वीज घेतो, हा निव्वळ अपघात.’ ही आख्यायिका अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी बाजू पाहण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागेल.

३/ एकॉर्नची स्थापना १९७८ ची. संस्थापक हर्मन हाउसर आणि ख्रिस करी. डिसेंबर १९८१ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘बीबीसी मायक्रो’ या संगणकाने ब्रिटनमधील शाळा अक्षरशः व्यापून टाकल्या. दहा लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. आत होता ६५०२ हा आठ बिटांचा प्रोसेसर. त्याच्यानंतर काय, हा प्रश्न होता. बाजारातले सोळा बिटांचे प्रोसेसर फर्बर आणि त्यांच्या सहकारी सोफी विल्सन यांनी पारखून पाहिले. मेमरी जितक्या वेगाने माहिती देऊ शकत होती, तितक्या वेगाने ती घेण्याची क्षमता त्यांपैकी एकातही त्यांना आढळली नाही.

४/ त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाचे ‘रिस्क’ या रचनेविषयीचे शोधनिबंध त्यांच्या हाती आले. प्रोसेसरला मोजक्या आणि साध्या आज्ञा शिकवाव्यात, त्या मात्र झपाट्याने पार पाडाव्यात, हा त्यांचा गाभा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने असा प्रोसेसर घडवलाही होता. पुढे १९८३ मध्ये विल्सन आणि फर्बर अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ६५०२ ची पुढची आवृत्ती करणाऱ्या कंपनीला भेटायला गेले. चकचकीत कारखान्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात उपनगरातील एका बंगल्यात मूठभर माणसे प्रोसेसर आखत बसलेली दिसली. हे काम आपल्यालाही जमेल, असा धीर त्यांना तिथे आला.

५/ ऑक्टोबर १९८३ मध्ये काम सुरू झाले. आज्ञांचा संच विल्सन यांनी ठरवला, अंतर्गत रचना फर्बर यांनी आखली. संपूर्ण प्रोसेसरचे प्रारूप बीबीसी बेसिक भाषेत सुमारे ८०० ओळींत मावले! हाउसर पुढे विनोदाने सांगत की, मोठ्या कंपन्यांना देता येणार नाहीत अशा दोन गोष्टी आपण या गटाला दिल्या : पैसा दिला नाही आणि माणसेही दिली नाहीत. विनोद बाजूला ठेवला, तरी या टंचाईचा पुढच्या कथेशी थेट संबंध आहे. मूठभर माणसांना जे तपासून पाहता येईल, तेवढेच चिपमध्ये घालता येणार होते.

६/ आता विजेकडे वळू. हा प्रोसेसर टेबलावरच्या, भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या संगणकासाठी होता. बॅटरीचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. मग कमी विजेचा आग्रह कशाला? कारण अगदी व्यापारी होते. चिपला बाहेरून कवच लागते. जास्त तापणाऱ्या चिपला सिरॅमिकचे महागडे कवच घालावे लागे. कमी तापणारीला स्वस्त प्लास्टिकचे पुरत असे. प्लास्टिक हवे असेल तर चिपचा वीजवापर साधारण १ वॅटच्या आत ठेवणे भाग होते. लक्ष्य एवढेच.

७/ चिपमध्ये वीज जाते कुठे? सीमॉस पद्धतीच्या चिपमधील प्रत्येक तार म्हणजे विद्युत्भाराचे एक लहानसे भांडे. शून्याचा एक होताना ते भरते, एकाचा शून्य होताना रिकामे होते. प्रत्येक भरण्या-सांडण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. भांडे किती मोठे, सेकंदात कितीदा भरते, आणि व्होल्टेज किती, यांवर एकूण खर्च ठरतो. व्होल्टेजचा तर वर्ग होतो : व्होल्टेज निम्मे केले की खर्च एक चतुर्थांश. हे सूत्र लक्षात ठेवावे. पुढची सारी कहाणी त्याच्याभोवती फिरते.

८/ सूत्र ठाऊक होते. अडचण हिशेबाची होती. हजारो तारांपैकी कोणती केव्हा भरेल आणि एकंदर किती वीज जाईल, हे चिप बनण्याआधी सांगणारी भरवशाची साधने या गटाकडे नव्हती. फर्बर यांनी आपल्या पद्धतीची तुलना नंतर व्हिक्टोरिया राणीच्या काळातील अभियंत्यांशी केली आहे. पुलावर नेमका किती ताण येईल हे मोजता येत नसेल, तर लोखंड सढळ हाताने घालायचे. इथे उलट्या दिशेने तेच झाले : १ वॅट ओलांडला जाऊ नये म्हणून प्रत्येक ठिकाणी हात आखडता घेतला गेला.

९/ अमेरिकेतील व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी या कंपनीने बनवलेली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी केंब्रिजला पोहोचली आणि त्याच दिवशी चालू झाली. पहिल्याच प्रयत्नात. तीन मायक्रॉनचे तंत्र, साधारण २५,००० ट्रान्झिस्टर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या इंटेलच्या ३८६ मध्ये ते २,७५,००० होते. वीजवापर पुढे नीट मोजला, तेव्हा तो १ वॅटच्या जेमतेम दहाव्या भागाइतका निघाला.

१०/ आणि ते शून्य? चाचणीच्या बोर्डात दोष होता; पुरवठ्याच्या पिनांपर्यंत वीज पोहोचतच नव्हती. चिपच्या इतर पिनांवर मात्र आजूबाजूच्या चिपांकडून संकेत येत होते. अशा प्रत्येक पिनेपाशी, चिप जळू नये म्हणून, एक संरक्षक डायोड असतो आणि त्याचे दुसरे टोक आतल्या वीजवाहिनीला जोडलेले असते. पिनेवर ‘एक’ आला, म्हणजे तिचे व्होल्टेज वर गेले, की डायोडमधून थोडी वीज आत झिरपते. या झिरपलेल्या विजेवरच संपूर्ण प्रोसेसर चालत होता. पुढच्या दाराला कुलूप असताना खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात कोणी हिशेबाची वही लिहावी, तसे.

११/ आता आख्यायिकेकडे. अपघात झाला तो बोर्डाचा. चिपची काटकसर मात्र तीन गोष्टींतून आली होती : प्लास्टिकच्या कवचाची अट, हिशेबाची साधने नसल्यामुळे घेतलेली अतिसावधगिरी आणि मनुष्यबळाअभावी लहान ठेवलेली रचना. यांतली एकही गोष्ट दैवयोग नाही. इतिहासात ‘योगायोग’ हा शब्द आला की कारणांचा शोध तिथेच थांबतो, म्हणून तो शब्द जपून वापरावा असे प्रस्तुत लेखकाला वाटते. काटकसर किती मोठी निघेल, एवढेच काय ते कोणाला ठाऊक नव्हते.

१२/ शिवाय त्या गुणाचे तेव्हा कोणाला कौतुकही नव्हते. १९८७ मध्ये एकॉर्नचा ‘आर्किमिडीज’ संगणक एआरएम-२ घेऊन बाजारात आला. त्याची जाहिरात झाली ती वेगाची. भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या यंत्राने थोडी वीज वाचवली काय, न वाचवली काय! हा गुण पाच वर्षे जवळपास बेकार पडून राहिला.

१३/ गिऱ्हाईक आले ते ॲपल. हातात मावेल असे ‘न्यूटन’ नावाचे यंत्र त्यांना करायचे होते आणि त्यासाठी आधी निवडलेला प्रोसेसर पसंतीस उतरत नव्हता. २७ नोव्हेंबर १९९० रोजी एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून ‘एआरएम’ ही स्वतंत्र कंपनी काढली. एकॉर्नमधून आलेले १२ अभियंते, केंब्रिजजवळच्या खेड्यातील एक जुने कोठार आणि प्रमुख रॉबिन सॅक्सबी. १९९३ मध्ये न्यूटन बाजारात आला. आत २० मेगाहर्ट्झचा एआरएम-६१०. हस्ताक्षर ओळखण्यात तो चुकत असे, त्याची यथेच्छ थट्टा झाली. प्रोसेसरकडे बोट मात्र कोणी दाखवले नाही.

१४/ थोडे विषयांतर. कमी विजेचे प्रोसेसर एआरएमपासूनच सुरू झाले, असे मानू नये. १९७६ चा आरसीएचा १८०२ हा सीमॉस प्रोसेसर क्लॉक पूर्ण थांबवला तरी आतली माहिती विसरत नसे. गुरूकडे गेलेल्या ‘गॅलिलिओ’ यानात तो होता. ‘व्हॉयेजर’वरही तोच होता, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते, ते चुकीचे आहे. व्हॉयेजरचे संगणक वेगळे, त्या मोहिमेसाठी खास घडवलेले होते.

१५/ पुन्हा ॲमीटरकडे. १९९४ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात विवेक तिवारी, शरद मलिक आणि अँड्र्यू वुल्फ यांनी एक प्रश्न विचारला : प्रोसेसरची नव्हे, एकेका आज्ञेची वीज मोजता येईल का? एक आज्ञा निमिषार्धात संपते. मीटरला ती दिसणार कशी? त्यांची युक्ती साधी होती. एकच आज्ञा पुन्हा पुन्हा येईल असे आवर्तन लिहायचे आणि प्रोसेसरला ते अखंड चालवू द्यायचे. प्रवाह स्थिर होतो. मीटर निवांतपणे वाचता येतो. त्या प्रवाहाला व्होल्टेजने आणि आज्ञेला लागणाऱ्या वेळेने गुणले की त्या आज्ञेचा ऊर्जाखर्च हाती येतो.

१६/ इंटेलच्या ४८६ वर आणि फुजित्सूच्या स्पार्कलाइट या एम्बेडेड प्रोसेसरवर त्यांनी हे केले. बेरीज करणारी आज्ञा प्रोसेसरच्या पोटातल्या रजिस्टरमधील आकडे वापरत असेल तर तिचा खर्च कमी. मेमरीतून आकडा आणत असेल तर जास्त. दोन वेगवेगळ्या आज्ञा एकापाठोपाठ आल्या तर स्थित्यंतराचाही काही खर्च पडतो. याचा अर्थ, प्रोग्राम लिहिणाराही बॅटरी वाचवू किंवा संपवू शकतो. तोवर वीज हा विषय विद्युत् अभियंत्याचा समजला जाई. या निबंधाने तो प्रोग्रामरच्याही टेबलावर आणून ठेवला. मला स्वतःला या संपूर्ण इतिहासातील हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

१७/ चिप घडवणाऱ्यांच्या बाजूने तेवढाच स्वच्छ हिशेब मांडला तो डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक या कंपनीने. त्यांचा ‘अल्फा’ हा जगातील अत्यंत वेगवान प्रोसेसरांपैकी एक : २०० मेगाहर्ट्झ, ३.४५ व्होल्ट, २६ वॅट. त्याच घरातील अभियंत्यांनी एआरएमचा परवाना घेऊन १९९६ मध्ये ‘स्ट्राँगआर्म’ आणला : १६० मेगाहर्ट्झ, अर्धा वॅट. हे कसे साधले, याचा हिशेब त्यांनी आपल्या शोधनिबंधात टप्प्याटप्प्याने दिला.

१८/ तो असा. व्होल्टेज १.५ वर आणले : २६ वॅटचे ४.९ झाले. मोठमोठे विभाग गाळून रचना आटोपशीर केली : १.६. अधिक सूक्ष्म तंत्राने चिप बनवली : ०.८. क्लॉकच्या तारांचा भार हलका केला : ०.६. वेग २०० वरून १६० वर आणला : ०.५. पहिल्या पायरीवरची झेप पाहा. व्होल्टेजचा वर्ग होतो, ते सूत्र इथे आकड्यांत उतरले आहे. आणि वेग कमी करण्याची किंमत, जिच्याकडे सर्वसामान्य समजूत आधी बोट दाखवील, ती सर्वांत शेवटी आणि सर्वांत किरकोळ! एकॉर्नने अंधारात चाचपडत जे केले होते, ते आता आकडे मांडून करता येऊ लागले.

१९/ मोबाइलमध्ये एआरएम आला तो मात्र मेमरीच्या वाटेने. ३२ बिटांच्या लांबलचक आज्ञा साठवायला मेमरी जास्त लागते आणि वाचायला वीजही. त्यावर एआरएमने ‘थंब’ हा १६ बिटांच्या आखूड आज्ञांचा संच काढला. प्रोग्राम साधारण एक तृतीयांशाने लहान होऊ लागले. १९९० च्या दशकाअखेरीस नोकियाच्या ६११० या फोनमध्ये थंब असलेला एआरएम-७ बसला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

२०/ फर्बर दरम्यान १९९० मध्येच मँचेस्टर विद्यापीठात गेले होते. त्यांनी क्लॉकच काढून टाकला. १९९४ चा ‘ॲम्युलेट’ हा एआरएमचा असा अवतार होता, ज्यात एक भाग काम संपवून दुसऱ्याला हाक देतो. सर्वांना एका तालावर हाकणारा क्लॉक नाही. काम नसेल तर हालचालच नाही. कल्पना सुंदर होती, चिप चालल्याही. परंतु उद्योगाने आपली सारी साधने क्लॉकभोवतीच उभारली होती. तो मार्ग राजमार्ग झाला नाही. त्याऐवजी काम नसलेल्या भागापुरता क्लॉक अडवून धरण्याची पद्धत सर्वत्र रुळली.

२१/ दुसरी एक कल्पना १९९४ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातून आली. मार्क वायझर आणि सहकाऱ्यांचे म्हणणे असे : काम धावत संपवून मग रिकामे बसण्यापेक्षा, हातात वेळ असेल तर सावकाश चालावे. वेग कमी केला की व्होल्टेजही कमी करता येते आणि लाभ वर्गाने मिळतो. पुढे वेग आणि व्होल्टेज गरजेनुसार बदलणारे प्रोसेसर आले ते याच तर्कावर.

२२/ पण ट्रान्झिस्टर लहान होत गेले, तशी एक जुनी क्षुल्लक गोष्ट मोठी झाली : गळती. बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही थोडी वीज झिरपतेच. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी, ९० नॅनोमीटरच्या आसपास, ही गळती दुर्लक्ष करण्याजोगी राहिली नाही. मग सावकाश चालणे तोट्याचे ठरू शकते. कारण जागे राहण्याचा प्रत्येक क्षण गळतीचा असतो. काही यंत्रांत उलट सल्ला योग्य ठरू लागला : काम झटपट आवरा, आणि चिपच्या त्या भागाची वीजच तोडून झोपा. अभियांत्रिकीतील सल्ल्यांनाही काळाची चौकट असते, ती अशी.

२३/ या मोजणीला एक काळी बाजूही आहे. १९९९ मध्ये पॉल कोचर आणि दोन सहकाऱ्यांनी दाखवले की, स्मार्टकार्डातील चिप गुप्त किल्लीने काम करत असताना तिच्या वीजवापराचा आलेख काळजीपूर्वक नोंदवला, तर अशा अनेक आलेखांच्या संख्याशास्त्रीय तुलनेतून किल्लीच उघड होते. प्रिन्स्टनमध्ये बॅटरीसाठी जे मोजले गेले, तेच इथे चोराच्या कामी आले. तेव्हापासून बँकेच्या कार्डातील चिपला आपला वीजवापर झाकायलाही शिकावे लागले.

२४/ आजच्या एम्बेडेड प्रोसेसरची खरी परीक्षा झोपेत होते. मोठ्या नाण्याएवढ्या सीआर-२०३२ सेलमध्ये सुमारे २२५ मिलिॲम्पिअर-तास साठा असतो. १० मिलिॲम्पिअरने जागा राहणारा प्रोसेसर तो दिवसभरात संपवील. १ मायक्रोॲम्पिअरवर झोपलेल्याला तोच साठा कागदावर २५ वर्षे पुरेल. म्हणून २०१४ मध्ये ईईएमबीसी या संस्थेने आखलेल्या चाचणीत प्रोसेसर दर सेकंदाला थोडे काम करतो आणि उरलेला वेळ झोपतो. मोजली जाते ती एकूण ऊर्जा.

२५/ हे मोजणे दिसते तितके सोपे नाही. झोपेतला प्रवाह जागेपणीच्या हजारो पटींनी कमी असतो. तो दिसावा म्हणून वाटेत मोठा रोध ठेवला, तर चिप जागी होताच त्या रोधावरच व्होल्टेज खर्ची पडते आणि चिप कोलमडते. लहान रोध ठेवला, तर झोपेतला प्रवाह दिसत नाही. म्हणून प्रवाहाप्रमाणे क्षणात आपला टप्पा बदलणारी खास उपकरणे वापरावी लागतात.

२६/ आणि १९८५ चे ते शून्य आजही प्रयोगशाळेत भेटते. बोर्डाला डीबगरची केबल लावलेली असेल, शेजारच्या सेन्सरची किंवा संगणकाची एखादी संकेततार वरच्या व्होल्टेजला असेल, तर त्याच संरक्षक डायोडमधून वीज चिपमध्ये शिरते आणि ॲमीटर खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. कधी तर उणे आकडा दिसतो, म्हणजे चिपच उलट पुरवठ्याला वीज देते आहे असे! जाणता अभियंता अशा वेळी आनंदून जात नाही. तो आधी सगळ्या केबल काढतो, एकेक पिन तपासतो, आणि मग पुन्हा मोजतो.